शेजाऱ्याचा कुत्रा चावल्यास : वाद, उपचार आणि मालकाची जबाबदारी

कुत्रा चावल्यानंतर दवाखान्यात आलेल्या व्यक्तीला जे पहिले काही प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘कुत्रा कोणाचा?’ हा एक असतो. कुत्रा रस्त्यावरचा असेल तर उत्तर चटकन मिळते. तो शेजाऱ्याचा असेल तर उत्तर देणारी व्यक्ती थबकते. सोबतच्या माणसांकडे पाहते आणि मग सांगते, ‘असाच, ओळखीतला’. लसीकरण कक्षात परिचारिका म्हणून काम करताना हे थबकणे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यामागे कधी संकोच असतो, कधी जुने वैर, तर कधी ‘आता आम्ही त्यांना सोडणार नाही’ हा निर्धार. डॉक्टरांना त्या प्रश्नातून हवे असते ते मात्र वेगळेच. कुत्रा आज कोठे आहे, त्याला लस केव्हा दिली गेली आणि पुढचे दहा दिवस तो कोणाच्या नजरेखाली राहील, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

शेजाऱ्यांमधील भांडण आणि चाव्यावरील उपचार या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात, हे सांगण्यासाठी ही माहितीपत्रिका आहे. भांडण महिनाभराने सुटले तरी चालते. उपचार मात्र त्याच दिवशी सुरू व्हावा लागतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार मिळाले तर तो जवळजवळ नेहमीच टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, आणि देशात नोंदल्या जाणाऱ्या रेबीजच्या रुग्णांत ३० ते ६० टक्के रुग्ण पंधरा वर्षांखालील मुले असतात. मुले चावा लपवितात. ज्या घरी खेळायला जाऊ नकोस असे बजावलेले असते, त्याच घरच्या कुत्र्याने ओरखडा काढला असेल, तर ती हमखास लपवितात.

पहिली पंधरा मिनिटे

चावा लागताच शेजाऱ्याच्या दारावर जाण्याआधी नळाकडे जावे. जखमेवर वाहते पाणी सोडून साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. जखम झालेल्या माणसाला तो वेळ फार लांब वाटतो, म्हणून दुसऱ्याने जवळ थांबावे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि काही काळ तेथील ऊतींतच राहतो. मज्जातंतूंत शिरल्यानंतर तो मेंदूच्या दिशेने सरकतो. साबणाने विषाणूचे बाह्य आवरण नष्ट होते आणि पाण्याने त्याचा बराच भाग वाहून जातो. कोणताही साधा साबण चालतो, कपडे धुण्याचासुद्धा. त्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडीन असल्यास लावावे.

हळद, तिखट, चुना, तेल, कॉफीची पूड, तंबाखू, बुटाचे पॉलिश यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. शेजारी वडीलधारे माणूस आस्थेने काही घेऊन आले, तरी त्यांना नम्रपणे नकार द्यावा. जखम घट्ट बांधू नये. टाके शक्यतो घातले जात नाहीत. घालणे भागच असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर, मोजके आणि सैलसर टाके घालण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविक औषध यांचीही गरज पडू शकते, कारण कुत्र्याच्या दातांवर रेबीजशिवाय इतर जंतूही असतात. हाताच्या बोटात किंवा मनगटाजवळ खोलवर शिरलेला दात वरून लहानसा दिसला तरी आत पू धरतो. त्यामुळे ‘एवढेसेच तर आहे’ हा हिशेब हाताच्या जखमेला लावू नये.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’

शेजारी हे वाक्य बहुधा अगदी प्रामाणिकपणे उच्चारतो. तरीही त्यावर विसंबून दवाखान्यात जाणे टाळू नये. लस कधी दिली, पुढील वर्षांची मात्रा चुकली का, लस योग्य तापमानात साठवलेली होती का, लस दिली तेव्हा कुत्रा निरोगी होता का, या गोष्टी दारात उभे राहून ठरविता येत नाहीत. कुत्र्याचे लसीकरण कार्ड अवश्य पाहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते डॉक्टरांना दाखवावे. कार्डावर काय लिहिले आहे याचा अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम आहे. उपचार मात्र त्याआधीच सुरू होतो.

उपचार किती द्यायचा हे चाव्याच्या प्रकारावर ठरते. कुत्र्याला हात लावला, खाऊ घातले किंवा त्याने धड, न फाटलेली त्वचा चाटली, तर धुण्यापलीकडे काही करावे लागत नाही. उघड्या त्वचेवर दात हलके लागले असतील किंवा रक्त न येता ओरखडा उमटला असेल, तर लस घ्यावी लागते. दात किंवा नखे त्वचेच्या आरपार गेली असतील, रक्त आले असेल, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्यांत, ओठांत, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक असते. लसीमुळे शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरचा काळ सांभाळण्यासाठी तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचली जातात, त्यांनाच इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते पहिल्याच दिवशी मिळाले तर उत्तम. काही कारणाने राहून गेले, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत घेता येते. त्यानंतर ते दिले जात नाही. एखाद्या केंद्रावर लस आहे पण इम्युनोग्लोब्युलिन नाही असे आढळल्यास लसीची पहिली मात्रा तेथेच घ्यावी आणि पुढे कोठे जावे हे त्याच केंद्रातून लिहून घ्यावे.

ओरखड्याबाबत शंका वाटल्यास त्यावर स्वच्छ कापसाने थोडे स्पिरिट लावून पाहावे, झोंबले तर त्वचा फाटलेली आहे, असे जुने कर्मचारी सांगतात. ही खूण कामाची आहे खरी, पण ती घरी बसून निर्णय घेण्यासाठी नाही. शंका असेल तर दवाखान्यात जावे.

लसीच्या मात्रा शासकीय केंद्रांत बहुधा त्वचेत, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, अशा दिल्या जातात आणि त्यांचे दिवस ०, ३, ७ व २८ असे मोजतात. पहिली मात्रा सोमवारी घेतली असल्यास दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि चौथी पहिल्या मात्रेनंतर बरोबर चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी असते. स्नायूत लस देण्याची पद्धत असेल तेथे ०, ३, ७, १४ व २८ अशा पाच मात्रा असतात. गर्भवती आणि स्तनदा मातांनी, तान्ह्या बाळांनी, वृद्धांनी, मधुमेह किंवा अन्य आजार असलेल्यांनीही ही लस घ्यायची आहे. रेबीजच्या बाबतीत कोणाला वगळता येत नाही. पूर्वी ही लस पूर्ण घेतलेल्या व्यक्तीस पुन्हा चावा झाल्यास सामान्यतः ० व ३ या दोनच दिवशी मात्रा दिली जाते आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, म्हणून जुना केसपेपर जपून ठेवावा.

‘पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात’ ही भीती अजूनही काही घरांतून ऐकू येते. ती भीती निराधार नव्हती. हिमाचल प्रदेशातील कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये तयार केलेली, प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनविलेली लस पिढ्यान्‌पिढ्या पोटात टोचली जात असे, आणि ती वेदनादायकच होती. भारतात तिचा वापर २००५ मध्ये पूर्णपणे थांबला. आजची लस दंडात दिली जाते. आजी-आजोबांना हे आवर्जून सांगावे, कारण घरातल्या लहानग्याला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे पुष्कळ घरांत अजून तेच ठरवितात.

त्या कुत्र्याचे दहा दिवस

शेजाऱ्याशी कितीही बिनसलेले असो, एका बाबतीत मात्र दोन्ही घरांना एकमेकांची गरज असते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते. याचे कारण असे : रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो मेंदूपर्यंत पोहोचल्यानंतर, म्हणजे आजार दिसू लागण्याच्या थोडेच दिवस आधी. एकदा आजार दिसू लागला की असा कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणजेच चावल्यापासून दहा दिवसांनीही कुत्रा खात-पीत, हिंडत-फिरत, नेहमीसारखा निरोगी असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. ही कसोटी कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. माकड, मुंगूस किंवा अन्य प्राण्यांना नाही.

दहाव्या दिवसापर्यंत लसीच्या तीन मात्रा झालेल्या असतात. पुढील मात्रांचे काय करायचे, हा निर्णय कुत्र्याची स्थिती ऐकून डॉक्टर घेतात. कुत्र्याकडे पाहत बसून पहिली मात्रा पुढे ढकलायची, असा या निरीक्षणाचा अर्थ कधीच नसतो. उपचार आणि निरीक्षण दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात.

भांडणात नेमकी हीच गोष्ट बिघडते. तक्रारीच्या धास्तीने मालक त्याच रात्री कुत्रा गावी पाठवून देतो, किंवा कोणाला तरी देऊन टाकतो, किंवा दूर नेऊन सोडतो. संतापलेले लोक कुत्र्याला मारून टाकतात किंवा विष घालतात. कोणत्याही मार्गाने असो, चावलेल्या मुलाविषयी डॉक्टरांना मिळू शकणारी सर्वांत मोलाची माहिती नाहीशी होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : प्राण्याला विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. तेव्हा ज्याच्या मुलाला चावा लागला, तोच आरोपी होऊन बसतो.

या दहा दिवसांत मालकाने कुत्र्याला घरातच, इतर माणसे व जनावरे यांपासून वेगळे ठेवावे. खाणेपिणे नेहमीचेच द्यावे. तो अकारण आक्रमक झाला, अंधारात दडून बसू लागला, लाळ गाळू लागला, गिळता येईनासे झाले, आवाज घोगरा झाला, पाय लटपटू लागले किंवा नेहमीच्या माणसाला ओळखेनासा झाला, तर त्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. बऱ्याच राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो. ‘घशात हाड अडकले असेल’ असे समजून मालकाने तोंडात हात घातला आणि चावलेल्यासोबत त्यालाही उपचार घ्यावे लागले, असे घडू शकते. कुत्रा दगावला तर तो घाईने पुरू नये. पशुवैद्यकांना कळवावे, मेंदूच्या नमुन्याची तपासणी होऊ शकते.

शेजाऱ्याला हे कसे सांगावे, असा प्रश्न पडेल. ओरडून सांगण्यापेक्षा इतकेच म्हणावे : ‘काका, मुलाला आम्ही लस सुरू केली आहे. दहा दिवस कुत्रा घरातच ठेवा आणि रोज सकाळी एक निरोप द्या, तो जेवला की नाही. बाकीचे आपण नंतर बोलू.’ बोलणे बंद असेल तर सोसायटीचे सचिव, सरपंच, आशा कार्यकर्ती किंवा दोन्ही घरांना मान्य असलेले कोणी वडीलधारे यांच्यामार्फत निरोप द्यावा. रोजचा निरोप कागदावर तारखेसह लिहून ठेवावा. पुढे डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो आणि वाद वाढलाच तर दोन्ही पक्षांनाही.

मालकाची जबाबदारी चाव्याआधीच सुरू होते

आपल्या घरी कुत्रा असेल तर पुढील भाग आपल्यासाठी आहे. कायदा कुत्रा चावण्याची वाट पाहत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्याइतकी काळजी जाणूनबुजून वा निष्काळजीपणे न घेणे, हाच तिच्या कलम २९१ नुसार गुन्हा ठरतो. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काही ठिकाणी स्थानिक नियम याहून कडक आहेत. नोएडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ठरविलेल्या धोरणात पाळीव कुत्र्यामुळे कोणाला इजा झाल्यास मालकावर दहा हजार रुपये दंड आणि जखमीच्या उपचाराचा खर्च, अशी तरतूद आहे. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत कुत्रा पाळण्यासाठी महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो, आणि परवान्यासाठी लसीकरणाचा दाखला लागतो. आपल्या शहरात काय नियम आहे, हे महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी, त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढील मात्रा आणि मग दरवर्षी न चुकता एक. दरवर्षी २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत लस विनामूल्य दिली जाते. याच दिवशी, २०२१ मध्ये, कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. लसीकरणाने काय साधते हे पाहायचे असेल तर गोव्याकडे पाहावे. तेथे अनेक वर्षे वाड्यावाड्यांत फिरून पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना लस दिली गेली, शाळांतून मुलांना शिकविले गेले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

घराबाहेर नेताना कुत्रा आखूड आणि मजबूत पट्ट्याने बांधलेला असावा, आणि पट्टा अशा व्यक्तीच्या हातात असावा जी त्याला ताकदीने आवरू शकेल. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या कुत्र्याचा पट्टा देऊन त्याला खाली पाठविणे म्हणजे कुत्रा मोकळा सोडण्यासारखेच आहे. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल तर त्याला विचारावे, किंवा पुढच्या फेरीची वाट पाहावी. बंद जागेत अनोळखी माणूस आणि कुत्रा समोरासमोर आले की मागे सरकायला दोघांनाही जागा नसते. जो कुत्रा पूर्वी अंगावर गेला आहे, त्याला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गर्दीत तोंडाची जाळी, म्हणजेच मझल लावावी. जाळी अशी असावी की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावली म्हणून जबाबदारी संपत नाही. फाटकाची कडी नीट बसते का, हे पाटीपेक्षा महत्त्वाचे आहे.

कोणत्या जातीचा कुत्रा धोकादायक, यावर चर्चा रंगते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. हा वाद कायद्याच्या क्षेत्रातला आहे. आरोग्याच्या दृष्टीने इतके सांगता येते की मोठ्या, ताकदवान जबड्याच्या कुत्र्याने केलेली जखम निश्चितच अधिक गंभीर असते आणि अशा कुत्र्याच्या मालकाकडून अधिक काळजीची अपेक्षा रास्त आहे. पण रेबीजच्या विषाणूला जात कळत नाही. पोमेरेनियनचा दात आणि रॉटवायलरचा दात त्याच्या लेखी सारखेच. ‘छोटासाच आहे, तो काय चावणार’ असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, त्या कुत्र्याने काढलेला ओरखडा घेऊन येणारे रुग्ण आम्हाला काही कमी भेटत नाहीत.

कुत्रा चिडका का होतो, याचे एक कारण आपल्या घरांत रोज दिसते. दिवसभर गच्चीवर, बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये हातभर साखळीने बांधलेला कुत्रा प्रत्येक हालचालीला धोका समजू लागतो. पळून जाण्याची वाट बंद असली की त्याच्याकडे दातांखेरीज दुसरा उपाय उरत नाही. गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहेत. इतका जुना हा कायदा बहुतेक मालकांनी ऐकलेलाही नसतो. ‘राखणीसाठी मुद्दाम तापट ठेवला आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की चोर वर्षातून एखादा येतो, दूधवाला रोज येतो.

गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देणे सोडतो आणि मग एकदम चावतो. अशा कुत्र्याविषयी ‘काही कळायच्या आत चावला’ असे सर्वजण सांगतात. अंग ताठ होणे, शेपूट उंच धरून स्थिर होणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरविणे, या त्याआधीच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला ओळखता याव्यात. कुत्रा खात असताना, झोपला असताना किंवा कुत्री पिल्लांजवळ असताना मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये. पाच-सहा वर्षांखालील मुलाला कुत्र्यासोबत, तो घरचा आणि कितीही गरीब स्वभावाचा असला तरी, मोठे माणूस जवळ असल्याखेरीज ठेवू नये. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते. त्यामुळे मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर जखमा होतात, आणि मेंदूच्या इतक्या जवळच्या जखमेत रेबीजला पोहोचायला वेळ कमी लागतो.

ज्यांना तक्रार करता येत नाही

कुत्र्याच्या चाव्याचे भांडण म्हटले की दोन घरमालक डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात पाळीव कुत्र्याच्या दारात रोज जाणारी माणसे वेगळी असतात : घरकाम करणाऱ्या ताई, सिलिंडर पोहोचविणारे, वस्तू घरपोच देणारे तरुण, वीजमीटर पाहणारे, रखवालदार. त्यांना ओरखडा निघाला तर ते भांडत नाहीत. काम जाईल या भीतीने बोलतही नाहीत. शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवून ‘दवाखान्यात जाऊन या’ असे म्हटले जाते, आणि पहिली मात्रा घेतली तरी पुढच्या मात्रांच्या दिवशी सुटी कोण देणार, हा प्रश्न उरतो. आपल्या कुत्र्याने अशा व्यक्तीला इजा केली असेल तर जखम आपल्याच नळावर धुवायला लावावी, सोबत केंद्रावर जावे, चारही तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहाव्यात आणि त्या दिवसांचा पगार कापू नये. मात्रा अर्धवट राहिली तर धोका त्या व्यक्तीला आहे, आणि ती आपल्याला कळविणार नाही.

तक्रार करायची असल्यास

उपचार सुरू झाल्यावर तक्रार करण्यात काही गैर नाही. कुत्रा वारंवार मोकळा सुटत असेल, अंगावर येत असेल, तर चावा होण्याची वाट पाहू नये. मालकाला आधी तोंडी, मग लेखी सांगावे : तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले. लेखी तक्रारीची प्रत सोसायटीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यावी. त्याने फरक पडला नाही तर महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे, आणि चावा झाला असेल तर पोलीस ठाण्याकडे. दवाखान्याचा केसपेपर, जखमेचे पहिल्या दिवशीचे छायाचित्र आणि लसीच्या नोंदी सोबत असाव्यात. धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवण्याविषयी किंवा त्याची अन्य व्यवस्था लावण्याविषयी आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकाऱ्यांना आहे, परंतु गोष्ट तेथवर जाण्याआधी बहुतेक ठिकाणी आखूड पट्टा आणि नीट बसणारी कडी एवढ्यानेच ती सुटते.

सोसायटीने काय करावे आणि काय करू नये, यावरही वाद होतात. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्रा पट्ट्याने बांधून न्यावा, त्याची घाण मालकाने उचलावी, लसीकरणाचा दाखला दाखवावा, असा आग्रह मात्र धरता येतो. ज्या सोसायट्या बंदीचा ठराव करतात, त्यांचा वेळ न्यायालयीन पत्रव्यवहारात जातो. ज्या सोसायट्या वर्षातून एकदा आवारात पशुवैद्यकांना बोलावून सर्व कुत्र्यांना, रखवालदाराजवळ बसणाऱ्या भटक्या कुत्र्यांनाही, लस देऊन घेतात, त्यांच्याकडे निदान चाव्याच्या वेळी दाखवायला कागद तरी असतो. आवारातील भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. त्यासाठी लेखी मागणी करावी.

मुलांना आज संध्याकाळी शिकवावे असे काही

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये. हात अंगालगत ठेवून झाडासारखे स्थिर उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत पाहू नये, आणि तो दूर गेल्यावर हळूहळू बाजूला व्हावे. पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी कान व मान झाकून गोळा होऊन राहावे. हे तोंडी सांगून भागत नाही. घरच्या ओट्यावर एकदा करून दाखवावे. मुले हसतात, पण लक्षात ठेवतात.

आणि त्यासोबत मुलांना हेही सांगावे की कुत्र्याने चाटले, ओरबाडले किंवा चावले तर घरी सांगितल्याबद्दल कोणीही रागावणार नाही. तू तिकडे का गेलास, हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये.

दवाखान्यात जाताना आधारकार्ड नसले म्हणून थांबू नये. कुत्र्याचे लसीकरण कार्ड किंवा त्याचे छायाचित्र, मालकाचा संपर्क क्रमांक, चाव्याची वेळ आणि पूर्वी कधी रेबीजची लस घेतली असल्यास तिची नोंद सोबत न्यावी. जखम मोठी असल्यास, चेहऱ्यावर असल्यास किंवा रक्त थांबत नसल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. लस प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, जिल्हा रुग्णालये आणि महानगरपालिकेची रुग्णालये येथे दिली जाते. चावा कालचा असो, गेल्या आठवड्यातला असो वा गेल्या महिन्यातला, उपचार घ्यायला उशीर झाला म्हणून तेथून कोणालाही परत पाठविले जात नाही.